फुंकरीतलं पितळ

माझी तब्येत आता बरी आहे. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, पण चढते. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच डोळे ओले करून बसू नये. हे मी माझ्यासाठी लिहीत नाही, माझ्या नवऱ्यासाठी लिहिते. आणि त्याच्यासारखे जे आजारी माणसाच्या उशाशी बसून स्वतःचा खोकला दुपट्ट्यात दाबतात, त्यांच्यासाठी. माझं दुखणं काय आहे ते कळलं, त्या दिवसापासून मला एकच भीती होती. जे माझ्या छातीत निघालं, तेच यांच्याही छातीत असेल का? आणि हा माणूस तपासून घ्यायला काही केल्या तयार होत नव्हता.

माझं नाव शीला. शाळा दहावीपर्यंतच, पण अक्षर हा माझा धंदा, म्हणून इथे शाळेतली मराठी लिहिते. बोलणं मात्र जसं झालं तसंच ठेवलं आहे. भंडाऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हे पितळेची भांडी चाकावर धरून उजळवतात आणि त्याच खोलीत, त्यांच्यापासून दोन हातांवर, मी भांड्यांवर नावं टाकते. यांचं नाव मनोहर. लिहायला काही वाटत नाही, तोंडानं घ्यायला अजून लाज वाटते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी मी लग्न होऊन पवनीहून इथे आले. जिल्हा तुटला, पण लेकीच्या आंदणाचे गुंड आणि गडवे, म्हणजे हंडे आणि तांबे, गोंदियाकडूनही येतच राहिले. पाण्याच्या गुंडावर नवरीचं नाव पाहिजे, बापाचं पाहिजे, गाव पाहिजे. नाव टाकायची मशीन पेनासारखी हातात धरायची आणि भांड्यावर नाक टेकेल इतकं वाकायचं. एक अक्षर कोरलं की पितळेचा भुगा त्यातच बसतो आणि पुढचं दिसत नाही. मग फुंकर मारायची.

फडक्यानं पुसायचं नाही. हा आमच्या घराचा कायदा. सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "नवरीचं नाव पुसाचं नसते व शीले, फुकाचं असते." आता आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, मुहूर्त नाही. आजेसासऱ्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा वैनगंगेत सोडला. मी म्हटलंही एकदा, "माय, देव सोडले, मंग हे काहून नाही सोडलं?"

"देव आपले होते, सोडले," त्या म्हणाल्या. "नवरी दुसऱ्याची असते."

मी फुंकत राहिले. फुंकर मारून झाली की माणूस श्वास आत घेतो, आणि माझं नाक तर त्या भुग्यावरच असायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नाही.

*

म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. माझं आलंही मुंगीच्याच पावलानं. आधी कोरडी ढास. मग पाण्याची बादली उचलली की धाप. मग आंधळगावची माणसं लग्नाची भांडी घेऊन आली, त्या दिवशी नवरीच्या नावावर मारलेली फुंकर अर्ध्यातच संपली. भुगा तसाच. दुसरी मारली, तीही संपली. मला हसू आलं. नवरीची मावशी म्हणाली, "काय जी ताई, येवढ्यात थकल्या?" मी म्हटलं, तुमच्या पोरीचं नावच लांबलचक आहे, मी काय करू?

त्या दिवशी मी उरलेली नावं फुंकताना हे चाक थांबवून माझ्याकडे पाहत होते.

छातीचा फोटो काढला, त्यात छाया दिसली. थुंकीत काही सापडलं नाही, तरी छायेवरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी लाल, तोंड कडू, आणि ढास होती तशीच. ज्या ज्या डॉक्टरकडे गेलो, तो विचारायचा, "या काय काम करतात?" मी तोंड उघडायच्या आत हे सांगायचे, "घरीच असते जी." आणि मी मान हलवायची. खोटं कुठे होतं? खोली घराचीच होती. आमच्याकडे बाई दुकानात बसली तरी ती घरीच असते.

शेवटी आमची पल्लवी चिडली. ती आमची एकुलती एक लेक, वरठीला दिलेली. एक दिवस आली, माझी पिशवी स्वतःच भरली आणि बापाला म्हणाली, "बाबा, आता नागपूर. तुमी येता का मी एकटीच घेऊन जाऊ?" आम्ही तिघंही वरठी स्टेशनातून गाडीत बसलो. डब्यात मला खिडकी मिळाली. बाहेर धानाच्या बांध्या पिवळ्या पडत होत्या. मनात आलं, पुढच्या धानाला मी असेन का?

*

नागपूरच्या दवाखान्यात छातीचा बारीक स्कॅन काढायचा ठरला. मोठ्या कड्यासारखी मशीन असते, त्यात आडवं सरकवतात. आत जाण्याआधी मशीनवरचा भाऊ म्हणाला, "अंगावर धातूचं जे काही असेल ते सगळं काढा."

मंगळसूत्र काढलं, कानातलं काढलं, पिना काढल्या. जोडवी निघेनात. लग्नापासून काढलीच नव्हती. यांनी कुठून तरी साबण आणला, त्या गर्दीच्या व्हरांड्यात माझ्यासमोर खाली बसले आणि माझा पाय मांडीवर घेऊन साबणाचा फेस लावून लावून जोडवी काढली. लोक पाहत होते. मी म्हटलं, "अजी, उठा ना, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. आपली जोडवी आहे, त्याहीची नाही."

मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज येतो. श्वास घ्या. रोखा. सोडा. मला रोखताच येईना. घेतला की ढास. फोटो हलला, पुन्हा काढला, पुन्हा हलला. मला रडू आलं. इतकी वर्षं ज्या श्वासावर पोट भरलं, तो माझा मलाच धरता येईना. तेव्हा तो मशीनवरचा भाऊ आत आला, माझ्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाला, "ताई, मले घाई नाही. तुमची तयारी झाली की हात वर करा." एवढंच. पण त्या दिवसात माझ्याशी घाई न करणारा तो पहिला माणूस होता. पुढच्या वेळी श्वास धरला गेला.

*

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र उजेडात धरलं. जिथे काळं असायला पाहिजे होतं तिथे धुकं होतं, धुक्यात पांढरे ठिपके होते आणि उजवीकडे एक ठिपका मोठा होता.

"काय काम करता?"

"घरीच असते," हे म्हणाले.

"घरी काय करता?" त्यांनी मलाच विचारलं.

मी सांगितलं. मशीन, भुगा, फुंकर, सगळं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "फुंकर मारल्यावर श्वास कुठे घेता?"

मी ओंजळ गडव्यासारखी धरली आणि वाकून दाखवलं, नाक तिथेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आमचाच. बाई म्हणाल्या, बहुतेक हा धातूचाच त्रास आहे, पण तो मोठा ठिपका तसा सोडता येणार नाही. तोंडातून नळी घालून फुप्फुसाचा तुकडा काढून पाहू. कॅन्सर हा शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारला. शब्द हळू उच्चारला म्हणून लहान होत नाही.

बाहेर आल्यावर पल्लवी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हे म्हणाले, "चहा घेऊ." आम्ही चहा घेतला. मग यांना खोकला आला आणि त्यांनी दुपट्टा तोंडावर दाबला.

मी ऐकलं. तो खोकला मी ओळखला, कारण तो माझाच होता. "तुमचाही फोटो काढू जी. एकाच खोलीत बसलो आपण," मी म्हटलं.

"मले काही झालं नाही व. चहा लागला घशात."

*

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. सकाळी झाडणारी बाई येते, मग सुई, मग डॉक्टरांची फेरी, मग डब्याची वाट. तुकडा काढल्यावर त्याचा निकाल यायला वेळ लागणार होता आणि वाट पाहणं हाच तिथला मोठा आजार. शेजारच्या खाटेवर तुमसरकडची एक म्हातारी होती. तिला माझ्यापेक्षा जास्त धाप लागायची, पण ती मलाच धीर द्यायची. "घाबरू नको वो बाई, मी कई दिवसांची मरून राह्यली, पण जमूनच नाही राह्यलं." वॉर्डात माझं खरं हसणं तेवढंच झालं, आणि त्यानंही ढास लागली.

हे दिवसभर जवळ बसायचे. हातांना काम नसलं की यांना करमत नाही. माझा स्टीलचा पेला घ्यायचे आणि चादरीच्या कोपऱ्यानं घासत राहायचे. पेल्यात तोंड दिसायला लागलं. मग म्हातारीचा पेला घेतला. मग नर्सबाई आपला डबा घेऊन आली. वॉर्डभर आमच्या खाटेची भांडी चमकत होती.

एका सकाळी माझ्यानं हात वर करून वेणी घालवेना, तेव्हा हे मागे बसले. "सांग कशी घालाची."

"तीन पेड करा. डावा मधात, मंग उजवा मधात."

ज्या हातांनी हंडे फिरवले, त्या हातांत केस निसटत होते. वेणी वाकडी झाली, कानामागेच संपली. पल्लवी पाहून हसली आणि सोडायला आली तर मी तिचा हात झटकला. दोन दिवस ती वेणी मी सोडली नाही. मला हा माणूस फार आवडतो. तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. क्षयही नव्हता. धातूच्या बारीक कणांनी फुप्फुसाला सूज आली होती. सूज गोळ्यांनी उतरेल, जिथे वण पडले तिथे ते राहतील, आणि भुग्याचं काम बंद. बाई बोलत होत्या आणि हे भिंतीला टेकून खाली बसले. मी म्हटलं, "आता तुमचा फोटो." हे म्हणाले, "तू बरी हो आधी."

*

सुटी व्हायच्या आधी डॉ. मृणाल नावाची एक मुलगी माझ्या खाटेशी आली. ती रोगी तपासत नव्हती, संशोधन करत होती. माझ्या तुकड्यातला उरलेला भाग तिला पाहिजे होता. "दुसऱ्या शहरात एक मशीन आहे, मावशी. तुमच्या स्कॅनसारखीच, पण फार म्हणजे फारच बारीक पाहणारी. तुकडा गोल फिरवत सगळ्या बाजूंनी क्ष-किरणांचे फोटो काढतात आणि ते जोडून त्याचं पूर्ण चित्र तयार करतात. आतला धातू कुठे कुठे जाऊन बसला ते त्यात दिसतं."

"न्या," मी म्हटलं, "पण मले दाखवाचं. माझ्या आतलं आहे ते."

ती शब्दाची पक्की निघाली. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा तिनं लॅपटॉप उघडला. मी आणि हे, दोघं खुर्च्या ओढून बसलो. पडद्यावर माझ्या फुप्फुसाचा कणभर तुकडा हळूहळू फिरत होता. पातळ पातळ पडदे, त्यात खोल्याच खोल्या, आणि त्या भिंतींत पिवळे ठिपके चमकत होते. काही गठ्ठ्यानं, काही एकटे.

"हे इतके पिवळे असतात?" मी विचारलं.

"नाही, रंग मी दिला. धातू किरणांना अडवतो म्हणून तिथे उजळ दिसतं, बाकी सगळं करडंच. पितळ म्हणालात म्हणून पिवळा दिला." ती थोडी लाजली. "केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढेही कण आहेत यात."

"मंग अख्ख्या माणसाला त्या मशीनमध्ये काहून नाही टाकत? तुकडा तोडायचं कामच नाही."

"इतकं बारीक पाहायला इतके किरण लागतात की जिवंत माणसाला ते झेपणार नाहीत. कधीतरी झेपेल असं काही करता यावं, त्याच्यासाठीच आमची धडपड. आत्ता साध्या स्कॅनमध्ये कण दिसत नाहीत. कणांनी काय केलं ते दिसतं. पण तेवढं लवकर दिसलं तरी माणूस वाचतो."

ते शेवटचं वाक्य ती कोणाकडे पाहून बोलली, ते मला कळलं. यांनी मात्र पडद्यावरची नजर काढली नाही. तिकडेच पाहत विचारलं, "यातले चाकाचे कोनते अन् तिच्या मशीनचे कोनते?"

"ते नाही सांगता येणार, काका."

यांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर पूर्ण रस्ताभर खिडकीकडे पाहत होते.

*

घरी आल्यावर यांनी चाकावर पोतं टाकलं. दुकान बंद. मला चहा द्यायचे तो खाटेच्या दूरच्या टोकावर ठेवायचे आणि अंगणात जाऊन बसायचे. जेवणही तिकडेच. जसं काही यांच्या अंगातूनच अजून भुगा उडतो आहे. मी काही दिवस सहन केलं. माझा स्वभाव सहन करणाऱ्या बाईचा नाही.

"काय जी, मले वाळीत टाकलं का?"

"चाक मी चालवलं," हे म्हणाले. "तुले मीच खाऊ घातलं ते."

"अन् मी फुकलं त्याचं काय? त्या पोरीले सांगता नाही आलं कोनता कोनाचा, अन् तुमाले कसं समजलं? अर्धे तुमचे तं अर्धे माझे. मंग तुमच्या छातीतही अर्धे माझे असतीन. दाखवा मले."

"मले पाहाचंच नाही."

"काहून?"

तेव्हा कुठे ते खरं बोलले. मान खाली घालून, हातातला पेला घासत. "दोघंही खाटेवर पडलो तं तुले पाणी कोन देईन? मालूम नाही तोवर मी उभा आहो. मालूम झालं तं पाय गळतीन माझे."

मला राग आला होता. तो तिथेच विरघळला. पण विरघळून काय उपयोग? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तसं यांचं झालं होतं. पल्लवीनं समजावलं, रडली, भांडली. काही फरक नाही. हो म्हणायचे आणि जायच्या दिवशी कुठे तरी काम काढायचे.

एका दुपारी मी पुढच्या खोलीत गेले. माझ्या जागेवर बसले. फळीवर एक गडवा पडून होता, कोणाचाच नाही, कोरा. मशीन लावली. घुर्र आवाज झाला तसे हे अंगणातून धावत आले.

"काय करून राह्यली?"

"नाव टाकून राह्यली. दिसत नाही?"

"कोनाचं?"

जिल्ह्यातल्या इतक्या नवऱ्या-नवरदेवांची नावं मी टाकली, पण हे नाव कधी टाकलं नव्हतं. "मनो" एवढं झालं होतं. भुगा अक्षरात चमकत होता. मी वाकले, ओठ गोल केले आणि फुंकर मारायला श्वास घेणार, तोच यांचा तळहात माझ्या तोंडावर आला. घट्ट.

"फुकू नको," हे म्हणाले. "फुकू नको शीले."

मी त्यांचा हात बाजूला केला. "मंग चला."

*

या वेळी अंगावरचं धातूचं यांनी काढलं आणि माझ्या ओंजळीत दिलं. घड्याळ, पट्टा, हातातलं तांब्याचं कडं. कड्याखाली मनगटावर हिरवट वळ होता. कडं गरम होतं. "सांभाळ," असं म्हणून ते आत गेले आणि दार लागलं. बाहेर बाकावर मी एकटीच. पल्लवी खाली औषधं आणायला गेली होती.

दाराच्या फटीतून तोच आवाज आला. श्वास घ्या.

मी घेतला.

रोखा.

मी रोखला. मला ढास लागेल असं वाटत होतं. घशात खवखवायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, ओंजळीतलं कडं मी इतकं आवळलं की हातात रुतलं. आत ते धरून होते, बाहेर मी धरून होते. मी मनात म्हटलं, तू सोडशील तेव्हाच मी सोडेन. कधी अरे-तुरे केलं नाही, त्या दिवशी मनात केलं.

सोडा.

मी सोडला. ढास आली नाही.

*

यांच्या छातीतही धुकं आहे. माझ्याइतकं नाही, कडेकडेनं, सुरुवातीचं. बाई म्हणाल्या, वेळेवर आलात. धुळीपासून लांब राहायचं, अधूनमधून तपासत राहायचं, आत्ताच गोळ्यांची गरज नाही. यांचे पाय गळले नाहीत. उलट बाहेर येऊन यांनीच दोन चहा सांगितले आणि माझ्या पेल्यातला अर्धा आपल्यात ओतून घेतला, कारण सुजेच्या गोळ्यांमुळे मला जास्त गोड चालत नाही.

चाक विकलं. आता पुढच्या खोलीत तयार भांडी ठेवतो. नावं टाकायला माणसं दुसरीकडे जातात. पण तो गडवा राहिला होता. अर्धं नाव ठेवणं मला बरं वाटेना. यांना सांगितलं, एवढं एकच. यांनी माझ्या तोंडाला मास्क बांधला, मागून गाठ मारली, ओलं फडकं पिळून हातात दिलं आणि मला अंगणात, वारा पाठीमागून येईल असं बसवलं. स्वतः दार धरून उभे राहिले. त्यांच्याही तोंडाला मास्क.

मी उरलेलं "हर" टाकलं. भुगा अक्षरात बसला. जन्मभराची सवय, ओठ मास्कच्या आत आपोआप गोल झाले. मी ते मिटले. फडकं उचललं तेव्हा हात थांबला. सासूबाई आठवल्या. इतक्या परक्या पोरींची नावं मी एकदाही पुसली नव्हती, आणि पहिलं पुसायचं ते हे.

"पूस," दारातून हे म्हणाले.

मी डोळे मिटले आणि ओलं फडकं दाबून फिरवलं. मग उघडले. भुगा फडक्यावर आला होता, आणि नाव होतं तिथेच होतं.